अठरा कळ्या, चार वार घेर

धान कापून झालं, बांध्या मोकळ्या झाल्या, की आमच्या झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकाचं वारं सुटतं. भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरतात आणि पार होळीपर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात रात्री दहाला उघडलेला पडदा तांबडं फुटल्यावरच पडतो. वडशाच्या नाटक कंपन्या, त्यांची बुकिंग कार्यालयं, प्रॉम्प्टरच्या आवाजावर उभं राहणारं नाटक, ऑर्गन आणि ऑक्टोपॅड, या सगळ्यावर आता भरपूर लिहिलं जातं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हापासून तर पुण्या-मुंबईचे लोकही झाडीपट्टीचं नाव बरोबर उच्चारू लागले. मला त्या लिखाणात भर घालायची नाही. मला लिहायचं आहे कापडाबद्दल.

चाळीस वर्षं ब्रह्मपुरीत मी चित्रकला शिकवली. त्याच चाळीस वर्षांत रात्री पायमशीनवर बसून वैनगंगेच्या अलीकडच्या-पलीकडच्या गावांच्या हौशी मंडळांसाठी अंगरखे, जामे, चिलखतं आणि मुकुट केले. शिवणाऱ्याचं नाव हँडबिलावर नसतं, त्यामुळे या कामाचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. माझं म्हणणं तेव्हापासून एकच आहे. सोंग घेणाऱ्यानं आपला वेश आपल्या मापानं, आपल्या गावात शिवून घ्यावा, जमलं तर स्वतः शिवावा, आणि तेही जमत नसेल तर बेतताना निदान समोर बसावं. भाड्याच्या ड्रेपरीत नट उभा राहतो, राजा उभा राहत नाही.

राज्यभरचा इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण तो सर्वांना ठाऊक आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्याआधी तिथे येऊन गेलेल्या कर्नाटकातल्या भागवत मंडळींच्या खेळाचा त्यावर ठसा होता आणि राक्षसांचे वेशही त्याच वळणाचे होते. पुढे संगीत नाटकं आली, बालगंधर्वांचे शालू-पैठण्या आल्या आणि घराघरांतल्या बायका रंगमंचावरचं लुगडं पाहून आपलं लुगडं नेसू लागल्या. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी चित्रकाराच्या नजरेनं ऐतिहासिक चित्रपट रंगवले. त्याच कोल्हापुरातल्या भानू अथय्या यांना ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळालं. भारतातलं ते पहिलं ऑस्कर, आणि ते मिळालं एका वेशभूषाकार मराठी बाईला. आमच्याकडे ही बातमी कुणी फार मनावर घेतली नाही. मी मात्र त्या दिवशी शाळेत चित्रकलेच्या तासाला मुलांना चित्र काढू न देता एक सदरा उसवून दाखवला. प्रत्येक तुकडा जमिनीवर मांडला. माणसाच्या अंगावर गोल दिसणारी वस्तू जमिनीवर सपाट तुकड्यांची असते, हे पाहून मुलं बराच वेळ गप्प होती.

कोकणातल्या दशावताराचा मला कायम हेवा वाटत आला आहे. तिथला नट आपला वेश स्वतः सांभाळतो, स्वतः रंगतो, स्वतः नेसतो. आमच्या दंडारीत, म्हणजे झाडीच्या लोकनाट्यातही, हेच होतं. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी दंडारीवर आणि झाडीबोलीवर जे काम केलं आहे ते वाचलेल्या माणसाला दंडार म्हणजे काय हे सांगायला नको. मी माझ्या लहानपणीचं एवढंच सांगतो की, दंडारीत बाईचं सोंग घेणारा गडी आईचं किंवा वहिनीचं लुगडं मागून आणायचा आणि ते त्याला नेसवायला घरातली बाईच बसायची. ‘असा चालू नको, पदर खांद्यावरून जाते,’ असं ती त्याला सांगायची. त्याची तालीम खरी तिथे व्हायची. राजुरा-जिवतीच्या डोंगरात आणि पलीकडे आदिलाबादेत दिवाळीच्या दिवसांत गुसाडी नाचणारे गोंड बांधव डोक्यावर मोरपिसांचा जो भव्य टोप घालतात, तोही कुठल्या दुकानातून येत नाही. पिसं वर्षभर गोळा होतात आणि बांधणाऱ्या हातांना त्या टोपाचं वजन कळतं. आदिलाबादच्या कनक राजूंना या नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मी त्यांचा फोटो कितीतरी वेळ पाहत होतो. एवढा मोठा टोप आणि मान अशी सहज! सवयीच्या वजनाखाली मान अशीच राहते.

आता अंगरख्याकडे येतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

बाजारचौकातले एक म्हातारे शिंपी माझे गुरू. शाळेतली नोकरी लागल्यावर पहिल्याच मंडईला गावच्या पोरांनी ऐतिहासिक नाटक धरलं आणि वेशाचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी वर्तमानपत्राच्या कागदावर हौसेनं अंगरख्याचा आकार काढून नेला. पंख्यासारखा पसरलेला सुंदर घेर होता तो. मास्तरांनी कागद पाहिला, उलटा केला आणि म्हणाले, “गुरुजी, येच्यात अर्धा कापड वाया जाते. आंगरखा गोल कापत नाई जी. पट्ट्या काढा.”

मग त्यांनी जे दाखवलं ते मी आजवर शेकडो वेळा केलं आहे. जुन्या मांजरपाटाचा पन्हा ३६ इंचांचा. एक वार कापड घ्यायचं, म्हणजे ३६ इंच लांब नि ३६ इंच रुंद. त्याच्या १२ इंची तीन उभ्या पट्ट्या करायच्या. प्रत्येक पट्टी तिरकी कापायची, वरच्या टोकाला ३ इंचांवर खूण आणि खालच्या टोकाला ९ इंचांवर. एका पट्टीत दोन कळ्या निघतात, एक सुलटी नि एक उलटी, दोन्ही हुबेहूब सारख्या. वर ३ इंच, खाली ९. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिलाईत जातो, उरतात वर २ आणि खाली ८. तीन वार कापडात अशा अठरा कळ्या बसतात. जोडल्या की कमरेला ३६ इंच आणि खाली घेर १४४ इंच, म्हणजे बरोबर चार वार. आमच्या धान कापणाऱ्या पोरांची कंबर २८ इंचांची. वरचे आठ इंच एकावर एक येतात आणि अंगरखा समोर उघडा पडत नाही. कात्रीखाली एक चिंधी उरत नाही. गळ्याच्या नि पडद्याच्या कापातून जे तुकडे निघतात त्यांचे बंद होतात आणि बगलेचे चौकोन होतात.

हा बगलेचा चौकोन ज्याला कळला त्याला सगळं शिवणकाम कळलं, असं मी मानतो. हाताएवढा नाही, तळहाताएवढा तुकडा. तो बाहीच्या आणि अंगाच्या सांध्यात तिरका बसवायचा. तो असला की तलवार डोक्यावर नेताना सगळा अंगरखा वर ओढला जात नाही. तो नसला की पहिल्याच लढाईत बगल फाटते. भाड्याच्या अंगरख्यांना हा तुकडा क्वचितच असतो. त्यांच्या बगला उसवून पुन्हा-पुन्हा शिवलेल्या असतात, आणि नटाला ते माहीत असल्यामुळे तो हात खांद्याच्या वर नेत नाही. प्रेक्षक म्हणतो, हा सेनापती जरा दबकतच लढतो. तो दबकत नाही, त्याची बगल आवळलेली असते.

कळ्या जोडतानाही एक नियम आहे. एका कळीची सरळ कड दुसरीच्या तिरक्या कडेला जोडायची. दोन तिरक्या कडा एकत्र आल्या की ती शिवण दोन महिन्यांत ओघळते, घेर खाली-वर होतो. मास्तर म्हणायचे, “कापड वाकडा गेला त राजा वाकडा चालते.” हे वाक्य मी माझ्या मशीनच्या वर खडूनं लिहून ठेवलं होतं. घराला रंग दिला तेव्हा ते पुसलं गेलं, पुन्हा लिहिलं.

चार वार घेर अंगावर आला की माणसाचं चालणं आपोआप बदलतं. पाऊल जरा लांब पडतं, वळताना घेर मागून येतो, तो येईपर्यंत थांबावं लागतं. त्या थांबण्यात रुबाब आहे. आमच्या एका गावात धानाच्या गिरणीवर हमाली करणारा पोरगा होता, अंगापिंडानं बारीक, बोलणं तोंडातल्या तोंडात. त्याला औरंगजेबाचं काम दिलं म्हणून सगळे हसले. मी त्याला पंधरा दिवस आधी जामा घालायला दिला आणि गिरणीतून आल्यावर रोज तासभर तो घालून अंगणात फिरायला सांगितलं. त्याचा आवाज वाढवायला कुणी काही केलं नाही. घेरानं त्याची चाल हळू केली, चालीनं बोलणं हळू केलं. नाटकाच्या रात्री तो हळू बोलला आणि शेवटच्या तणशीवर बसलेल्या म्हातारीपर्यंत ऐकू गेला.

जाम्यावरून आठवलं. मुघल काळातल्या चित्रांत मुसलमान सरदाराच्या जाम्याचे बंद उजव्या बगलेखाली असतात आणि हिंदू सरदाराचे डाव्या. आग्र्याच्या दरबाराचा प्रवेश असला की मी हा फरक पाळत असे. मंडळातले लोक म्हणत, गुरुजी, रात्री दोन वाजता बंद कोणत्या बगलेखाली आहेत हे कोण बघतं? माझं उत्तर असं की, नट बघतो. दरबारात उभ्या असलेल्या कुंवर रामसिंगाच्या सोंगाला ठाऊक असतं की आपण या गर्दीत डावीकडे बांधणारे आहोत. तेवढ्यानं त्याचं उभं राहणं वेगळं होतं. हीच गोष्ट शिवाजी महाराजांच्या शिरोवेष्टनाची. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचं अस्सल चित्र उजेडात आणलं. त्यात आणि डच संग्रहांतल्या चित्रांत जे दिसतं ते कापडाचं, पगडीच्या वळणाचं, तुऱ्याचं शिरोवेष्टन आहे. पुठ्ठ्याचा बेगड लावलेला टोप त्यात नाही. मी एका गावासाठी तसं कापडी शिरोवेष्टन बांधलं. वडीलधाऱ्यांना ते पटलं नाही. लोकांच्या मनातली मूर्ती ही पण एक वस्तुस्थिती असते, म्हणून त्यांच्याशी वाद घातला नाही. पुन्हा टोपच केला, पण बेगडाऐवजी आतून कापसाचं अस्तर देऊन मखमलीचा केला. तो नटाच्या कपाळाला टोचत नव्हता, त्यामुळे नटाची नजर वर राहिली.

वाद घातला तो सॅटिनवर. तो अजून संपलेला नाही.

आमच्या या भागात कोसा होतो. आरमोरीकडचे ढिवर ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या सांभाळतात. नागभीडला, पवनीला, मोहाडीजवळच्या आंधळगावला कोशाचं कापड विणणारे कोष्टी होते, काही अजून आहेत. करवती काठाचं लुगडं ही त्यांचीच कला, काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी. असा खजिना पंचवीस-तीस कोसांवर असताना आपण राजाच्या अंगावर घालायला नागपूरच्या गांधीबागेतून जांभळं सॅटिन आणतो, ही गोष्ट मला कधीच सहन झाली नाही. माझे विरोधक म्हणतात, आणि त्यांत चांगले, अनुभवी नाटकवाले आहेत, की कोसा महाग, मळकट, रंगमंचावर उठत नाही. झाडीचा प्रेक्षक कापड बघायला येत नाही, हसायला-रडायला येतो. महाग आहे हे खरं. म्हणून मी पूर्ण अंगरखा कोशाचा कधी मागितला नाही. मांजरपाटाचा अंगरखा, त्यावर शेला तेवढा कोशाचा, त्याला जुन्या लुगड्याचा काढलेला करवती काठ. एवढं सगळ्या मंडळांना परवडत होतं.

उठत नाही, हे मात्र साफ चूक. गॅसबत्तीच्या काळात कोसा जुन्या सोन्यासारखा दिसायचा. आणि आता तर एलईडीच्या झोतात सॅटिन असं चकाकतं की नटाचा चेहरा त्याच्या छातीपेक्षा काळा पडतो. डोळे कुठे बघायचे तेच कळत नाही. कोसा प्रकाश पितो आणि थोडा परत देतो, चेहऱ्याला देतो. प्रेक्षक कापड बघत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा बायकांच्या बाजूला बसावं. त्या बाजूला आयुष्यभर लुगडी पारखलेल्या बाया बसलेल्या असतात. एका नाटकात मुघल बादशहा गुलाबी सॅटिनमध्ये आला तेव्हा माझ्या मागून एक आजी म्हणाली, “राज्याच्या आंगावर नवरीचा परकर कायले घातला जी?” पुढचे दोन प्रवेश त्या बादशहाला कुणी मानलं नाही.

रंगही आमच्या जंगलात आहेत. पळसाची फुलं उकळली की केशरी-पिवळा येतो. तो उन्हात विटतो, पण नाटक रात्री असतं. हिरड्याच्या काढ्यात गंजलेल्या लोखंडाचं पाणी घातलं की काळसर राखाडी उतरतो, मावळ्याच्या कांबळ्याला आणि हेराच्या घोंगडीला याहून चांगला रंग नाही. एका वर्षी शाळेच्या मागच्या अंगणात दोन घमेल्यांत पोरांनी हे रंग केले. हात आठवडाभर काळे होते. त्यांतला एक मुलगा पुढे विणकरीत गेला.

चिलखताची गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं शिकलो. सुरुवातीला आम्ही तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून छातीची पत्री करत असू. कडा वाळूत घासायच्या, तरी नट रक्तबंबाळ व्हायचे. एका मंडईत लढाईच्या प्रवेशात एकाच्या काखेत पत्रा घुसला आणि तीन टाके पडले, तेव्हा छातीचा पत्रा बंद केला. आई म्हणाली, गोधडी घाल ना अंगात. तिनं ते सहज म्हटलं होतं. पण आपल्याकडचे घोडेस्वार कापूस भरलेले जाड अंगरखे घालतच असत, तलवारीचा वार त्यात अडकतो. तिच्या गोधडीचाच धावदोरा घेऊन मी पहिलं चिलखत केलं. जुन्या लुगड्यांचे चार थर, मधे पिंजलेला कापूस, उभ्या ओळींत बोट-बोट अंतरावर टाके. पहिलं फसलं. मी आधी माप घेऊन कापलं आणि मग टाके घातले. टाके घातल्यावर कापड आकसतं, चिलखत तीन इंच तोकडं झालं. आधी गोधडी शिवायची आणि मग त्या गोधडीतून अंग कापायचं, हे आईला न सांगता ठाऊक होतं.

साखळीच्या चिलखतासाठी ढिवरांचं जाळं वापरलं. नायलॉनचं नको, ते अंगावर मरगळतं. सुताचं जुनं, बारीक डोळ्यांचं जाळं दुहेरी करून खळीत भिजवायचं, वाळलं की चंदेरी रंगाचा हात. दहा हातांवरून कुणालाही लोखंड वाटेल. खांद्यावर पत्र्याच्या गोल चकत्या शिवल्या की चालताना आवाजही येतो. नदीकाठच्या एका गावातल्या ढिवर म्हाताऱ्यानं आपलं जाळं मला दिलं तेव्हा पैसे घेतले नाहीत. “नदीत फाटलाच आहे, लढाईत फाटू दे,” म्हणाला. नाटकाला येऊन सगळ्यांना सांगत होता, तो शिपाई आहे ना, त्याच्या अंगावर माझं जाळं आहे.

माझा पुतण्या जर्मनीत हानोव्हरकडे नोकरीला आहे. चारेक वर्षांपूर्वी त्याचा फोन आला, “काका, मला गॅम्बेसन शिवायचं आहे.” मला शब्द माहीत नव्हता. त्यानं फोटो पाठवला आणि मी चकित झालो. ती आमची गोधडी होती! उभ्या ओळींत टाके घातलेला कापसाचा जाड कोट, युरोपातले मध्ययुगीन शिपाई साखळीच्या चिलखताखाली घालत असत तो. त्याच्या भागात ब्रोकेलोह म्हणून गाव आहे. तिथल्या माळावर २००४ पासून उन्हाळ्यात हजारो लोक जमून दिवसचे दिवस एक काल्पनिक मध्ययुगीन जग खेळतात. राजे, जादूगार, भाडोत्री सैनिक, राक्षस. संहिता नाही, प्रेक्षक नाही, प्रॉम्प्टर नाही. प्रत्येकानं आपलं पात्र स्वतः ठरवायचं, त्याचा वेश करायचा आणि त्या वेशात जेवायचं, झोपायचं, लढायचं. तलवारी फोमच्या, वरून रबराचं लॅटेक्स, म्हणजे कुणाला लागत नाही. अमेरिकेत या नादाची मुळं बरीच जुनी आहेत. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत काही तरुणांनी घराच्या मागच्या अंगणात मध्ययुगीन वेशात मेळावा भरवला, त्यातून तिथली मोठी संस्था उभी राहिली.

लोकांना हे पोरकट वाटतं. मला वाटलं नाही. त्या पोरांनी नेमकी तीच गोष्ट धरली आहे जी आमच्या दंडारीनं धरली होती. पुतण्याला तीन दिवस सारखा घालायचा होता तो कोट, पावसात, चिखलात. तीन दिवस अंगावर राहणाऱ्या कापडात खोटेपणा चालत नाही. मी त्याला सांगितलं, आधी टाके, मग काप. बगलेत कापूस भरू नको, तिथे तळहाताएवढा चौकोन बसव. बंद दे, चेन नको. त्यानं दीड महिना रोज संध्याकाळी हातानं शिवलं. त्यानं कधी आयुष्यात बटण लावलं नव्हतं. उन्हाळ्यात त्याचा फोटो आला, चिखलानं भरलेला, दाढी वाढलेली, आणि उभा असा की मला क्षणभर माझ्या वडिलांची आठवण झाली.

आणि इकडे ब्रह्मपुरीत? आता मन जड होतं. कंपन्यांनी सामाजिक नाटकं धरली. त्यांचं मला वाईट वाटत नाही. शेतकऱ्याच्या घरातलं दुःख रंगमंचावर यायलाच हवं होतं. विनोदी कामांचं तर मला कौतुकच आहे. खुणे यांना लोक झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात. दादांची ती ढगळ अर्धी चड्डी आणि लोंबणारी नाडी हीसुद्धा कुणीतरी विचार करून शिवलेली वेशभूषाच होती, संवाद सुरू व्हायच्या आधी लोक हसायचे. पण सामाजिक नाटकाला जीन्स नि साडी पुरते, आणि रोज नव्या गावी जाणाऱ्या कंपनीला मापं घेत बसायला वेळ नसतो. त्यामुळे ऐतिहासिक नाटक शिवजयंतीच्या मिरवणुकीपुरतं राहिलं. तिथे फोनवर फोटो पाहून वेश मागवतात. ‘फ्री साइज’ म्हणून येतात. बंदांच्या जागी वेल्क्रो. राजाचा अंगरखा काढताना ‘चर्र’ असा आवाज होतो. फ्री साइज कुणालाच बसत नाही. बारक्याला लोंबतो, जाड्याला आवळतो.

आमच्या जिल्ह्यांवर याचा एक वेगळा अन्यायही झाला. चांद्याच्या गोंड राजांची सोंगं आली की त्यांना त्याच भाड्याच्या पेटीतला कुठलातरी दरबारी पोशाख चढवतात. चांद्याच्या वेशींवर, किल्ल्याच्या दरवाजांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचं गोंड राजचिन्ह दगडात कोरलेलं आहे, रोज हजारो लोक त्याखालून जातात. एवढं मोठं चिन्ह हाताशी असताना एकाही मंडळानं ते राजाच्या वेशावर का आणू नये? मी एकदा आणलं. काळ्या कापडातून तो सिंह कापून, हिरड्यानं रंगवलेल्या शेल्यावर ठिगळासारखा शिवला, कडेनं साधा हातटाका. राणी हिराईचा आणि बीरशहाचा प्रवेश होता. गोंड वस्तीतली माणसं नाटक संपल्यावर विंगेत आली आणि त्यांनी त्या शेल्याला हात लावून पाहिला. त्या रात्री घरी येताना मी सायकल चालवली नाही, हातात धरून चालत आलो.

तो शेला २०२० च्या पुरात गेला. ऑगस्टच्या शेवटी वैनगंगा चढली आणि आमच्या तालुक्यातल्या कितीतरी गावांत घराघरांत पाणी शिरलं. नदीकाठच्या एका गावात मंडळाच्या खोलीत माझ्या चार ट्रंका होत्या. पाणी उतरल्यावर चिखल उपसून त्या उघडल्या. भाड्यानं आणून परत न केलेलं सॅटिन एकमेकांत रंग सोडून जांभळं-हिरवं झालं होतं. पत्र्याचे मुकुट गंजले होते. सिंहाचा शेला ज्या ट्रंकेत होता ती सापडलीच नाही. पण दोन साधे कोशाचे शेले धुतल्यावर परत अंगावर येण्याजोगे निघाले, पळसाचा रंग उडाला होता, कापड तसंच. त्या हिवाळ्यात करोनामुळे बहुतेक मंडया आणि नाटकं बंदच राहिली. मी ते दोन शेले दोरीवर वाळत घालून त्यांच्याकडे बघत बसत असे.

गेल्या दिवाळीपासून एक मुलगी माझ्याकडे येते. शेजारच्या खेड्यातली, शिवणक्लास केलेली, ब्लाउजवर घर चालवते. तिच्या गावच्या पोरांनी ठरवलं आहे की यंदा मंडईला भाड्याचं काही आणायचं नाही. मी तिला कळीचा हिशोब एकदाच सांगितला, पट्टी, खूण, तिरका काप. माझ्या डोळ्यांना आता सुईत दोरा दिसत नाही, त्यामुळे मशीन तिच्या घरी नेऊन दिलं. परवा ती आली ती कापलेल्या कळ्यांची चळत घेऊन. मी मोजल्या. अठराच्या जागी वीस होत्या.

“राजाची कंबर बत्तीस आहे जी,” ती म्हणाली. “आठ इंच वर यायला पाहिजेत ना? म्हणून चार वार घेतला. दोन पट्ट्या उरल्या, त्यांचे बंद करतो.”

मी सरळ कड आणि तिरकी कड तपासली. तिनं त्या आधीच खडूनं वेगवेगळ्या खुणा करून ठेवल्या होत्या.